हराळी आणि दूर्वा

हराळी आणि दूर्वा ही एकाच गवताची दोन नावे आहेत. शेतकऱ्याच्या तोंडी ती हराळी असते आणि हे नाव तो काही प्रेमाने घेत नाही. काळ्या रानात हराळी एकदा शिरली म्हणजे तिची मुळे गाठीगाठींनी खोल उतरतात; नांगर वरून जातो आणि मुळे खाली खुशाल राहतात; एक तुकडा मागे राहिला तरी पुढच्या पावसात त्याचे पुन्हा रान होते. हराळी खणून काढावयाची म्हणजे मजूर लावावे लागत, आणि त्या खणतीच्या मजुरीसाठी सावकाराचा उंबरठा झिजवलेले शेतकरी आमच्या मराठवाड्यात थोडे नव्हते. तेच गवत कोवळ्या शेंड्यांसह खुडावे, एकवीसची जुडी बांधावी आणि गणपतीच्या देवळाच्या पायरीशी नेऊन ठेवावे; तिची दूर्वा होते आणि तिला दाम येतो. गवत तेच, माती तीच, खुडणारा हातही तोच. बांधापासून देवळाच्या पायरीपर्यंतच्या वाटेत त्या गवताला जे चिकटते, त्याला काय म्हणावे? मी त्याला संस्कृती म्हणतो. आणि तिचा हिशेब मांडता येतो की नाही, मांडलाच तर जमा कोणाच्या खात्यावर पडते, हा आजचा विषय आहे.

हा विषय मला पुस्तकात सुचला नाही, राजूरला सुचला. राजूर नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. अकोले तालुक्यात एक आहे, यवतमाळ जिल्ह्यात कोळशाच्या खाणीचे एक आहे. मी म्हणतो ते राजूर भोकरदन तालुक्यातले, जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे, टेकडीवरच्या गणपतीचे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. तोवर हा सारा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. गणेशभक्त मोरगाव, पद्मालय आणि चिंचवड यांच्या बरोबरीने राजूरचे नाव घेतात. अंगारकीला येथे लाखांनी माणूस लोटतो, आणि आदल्या रात्रीपासून जालन्याचा रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो.

स्थानिक समजुतीप्रमाणे हे राजूर म्हणजे गणेशपुराणातल्या वरेण्य राजाची राजधानी. वरेण्याला झालेले मूल गजमुख निघाले म्हणून राजाने ते अरण्यात टाकून दिले, पराशर ऋषींनी ते वाढवले, त्याच मुलाने पुढे सिंदुरासुराचा वध केला आणि पश्चात्ताप पावलेल्या बापाला गणेशगीता सांगितली, अशी ती कथा. तिचा ऐतिहासिक पुरावा कोणी मागू नये. पुराणाकडे पुराणासारखेच पाहावे. मला त्यातली एक बाब मात्र फार मौजेची वाटते. गणेशपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्याचे नाव उपासनाखंड आणि दुसऱ्याचे क्रीडाखंड. राजूरची ही कथा, गणेशगीतेसकट, क्रीडाखंडात येते! देवाच्या पराक्रमाला क्रीडा म्हणण्यास पुराणकाराला संकोच वाटला नाही. एका पोथीच्या दोन बाजू, एका बाजूला उपासना आणि दुसऱ्या बाजूला क्रीडा. आपल्या गावच्या जत्राही याच बेताने बांधलेल्या असतात: सकाळी पालखी, दुपारी कुस्त्या, रात्री कीर्तन नाहीतर तमाशा. शिकल्यासवरल्या मंडळींनी पुढे पूजा एका कप्प्यात, खेळ दुसऱ्यात आणि बाजार तिसऱ्यात टाकला. गावाने तसे कधी केले नाही.

आता राजूरहून थोडे पुढे भोकरदनपर्यंत यावे लागेल, कारण कलेची किंमत हा या भागात फार जुना व्यवहार आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उत्तरेकडे उज्जयिनीस जाणाऱ्या व्यापारी मार्गावर ही भरभराटीची पेठ होती. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर ज्या दात्यांची नावे कोरली आहेत त्यांत भोगवर्धनच्या लोकांचाही उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावचे लोक कित्येक कोस दूर असलेल्या स्तूपाला देणगी देण्याइतके सुखवस्तू होते, आणि आपल्या नावाबरोबर गावाचे नाव दगडावर राहावे इतका त्यांना गावाचा अभिमानही होता. हा पैसा आला कोठून? १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली भोकरदनला उत्खनन झाले, त्यातून सातवाहनकाळातले नांदते गाव बाहेर आले. मणी, शंखाच्या वस्तू, मातीची खेळणी आणि हस्तिदंताचे काम.

या हस्तिदंताशी एक विलक्षण गोष्ट निगडित आहे. इटलीतले पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथे एका घरात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, उंचीने जेमतेम वीतभर. अंगावर दागिनेच दागिने, दोन बाजूंना दोन दासी. पाहताक्षणी सांगावे की बाई हिंदुस्थानातली आहे. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. प्रथम विद्वानांना ती मथुरेकडची वाटली. पुढे त्याच घडणीच्या मूर्ती भोकरदनला मिळाल्या, आणि मधुकर ढवळीकरांनी पाँपेईची मूर्तीही भोगवर्धनच्याच कारागिरांनी घडवली असावी असे मत मांडले. सर्वांनी ते मानले आहे असे नाही. तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षराची खूण आहे, ती वायव्येकडे बोट दाखवते. पण मूर्ती कोणाचीही असो, तिच्या जोडीच्या वस्तू आमच्या भोकरदनला घडत होत्या याविषयी शंका नाही.

अर्थशास्त्र पाहू जाता हत्तीचा दात हा शेवटी दातच. भोकरदनच्या आसपास हत्तींची राने नाहीत, तेव्हा तो माल बाहेरून आणावा लागत असणार. गावाने त्यात घातले काय, तर हात आणि दृष्टी. केसांची वळणे, कमरेचा मेखला, डोळ्यांचा किंचित ओढा हे ज्याच्या बोटांत होते त्याच्यामुळे दाताची मूर्ती झाली आणि तिला समुद्रापलीकडे गिऱ्हाईक मिळाले. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे: विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीव काम केले. हस्तिदंतावर चालणारी बोटे दगडावरही चालली! कला ही एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाणारी पुंजी आहे, हे त्या दंतकारांनी आपल्या नावानिशी लिहून ठेवले आहे. भोगवर्धनच्या कारागिरांनी स्वतःचे नाव कोठे कोरले असेल तर ते अजून जमिनीखाली आहे.

पुन्हा राजूरला येतो. संकष्टी चतुर्थी वर्षातून बारा-तेरा वेळा येते. ती मंगळवारी पडली म्हणजे अंगारकी. सात वारांतला एक वार, तेव्हा सरासरीने वर्षाला दोनच्या आतबाहेर अंगारक्या होतात. मोठा पर्वकाळ इतका विरळ आणि तरी पंचांगात आगाऊ छापलेला, ही व्यापाऱ्याला किती सोयीची गोष्ट आहे पाहा. शिवाय उपास सुटतो तो चंद्रोदयानंतर, आणि वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या सुमारास उगवतो. म्हणजे दिवसभर लाखो माणसे उपाशी, आणि उपासाचे चालेल तेच खाणारी. साबूदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी यांचे ढीग लागतात. धर्मशास्त्राने येथे मागणीचे वेळापत्रकच आखून दिले आहे.

या मागणीतला पैसा जातो कोठे, हे एकदा मी दुकानांच्या रांगेतून हिंडत मनाशी मांडून पाहिले होते. साबूदाणा मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलमकडचा. नारळ मराठवाड्यात पिकतच नाही म्हटले तरी चालेल. तो दक्षिणेतून येतो. प्लॅस्टिकची खेळणी, तसबिरी, कपाळाचे गंध, सारे बाहेरचे. नारळ विकला तर गावाला मिळते ती वरची दोन पैशांची दलाली. याउलट दूर्वा, झेंडूची फुले, दूध आणि दुधाचा पेढा, बस थांबते तेथली चहाची टपरी, चप्पल सांभाळणारा, रसवंतीवाला, यांचा पैसा बव्हंशी पंचक्रोशीतच राहतो. दूर्वेचा तर पुरता राहतो, कारण तिला भांडवल लागत नाही. सबंध जत्रेत मूठभर भांडवलही नसलेल्या माणसाला करता येण्याजोगा धंदा तोच एक, आणि म्हणून देवळाच्या पायरीशी दूर्वा घेऊन बसलेल्यांत म्हाताऱ्या बायका आणि शाळकरी पोरे अधिक दिसतात. जत्रेची उलाढाल अमुक कोटी झाली असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला म्हणजे मला विचारावेसे वाटते, त्यातली दूर्वा किती आणि नारळ किती?

जुन्या राज्यकर्त्यांना हा हिशेब कळत असे. पेठ वसवावयाची तर व्यापाऱ्याला कौल देऊन काही वर्षे जकात माफ करावयाची, मग बाजार स्थिर झाला की बाजारबैठक घ्यावयाची, ही मराठेशाहीतली रीत होती. जालना ही या भागातली मोठी पेठ. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगाच पडलेली नाही, आणि १६७९ साली शिवाजीमहाराजांनी जालन्यावर स्वारी केली ती तेथे संपत्ती होती म्हणूनच. पेठेला बाजार लागतो, बाजाराला माणूस लागतो आणि माणूस नुसत्या खरेदीसाठी येत नाही. तो देवासाठी येतो, कुस्तीसाठी येतो, लेकीची सोयरीक पाहण्यासाठी येतो, गेल्या वर्षीच्या देण्याघेण्याचा शब्द पाळण्यासाठी येतो. दहा गावच्या लोकांसमोर दिलेला शब्द मोडवत नाही. जत्रेतून गावाला मिळणारी सर्वांत मोठी वस्तू ती ही, पत. आणि ती कोणत्याही दुकानात तागडीवर चढत नाही.

यावर एक जुना आक्षेप आहे. गरीब शेतकरी सणावारी, लग्नात आणि जत्रेत पैसा उधळतो आणि मग कर्जात बुडतो. इंग्रजी अंमलातल्या अधिकाऱ्यांचे हे आवडते मत होते, आणि आपल्याकडच्या पांढरपेशांनी ते त्यांच्याकडून उसने घेतले. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. सुरुवात १२ मे रोजी सुप्यात झाली. त्या दंग्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. आयोगाने कर्जाची कारणे तपासली आणि नमूद केले की लग्नकार्य आणि सणसमारंभ यांवरच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देण्यात आले आहे. असले खर्च असतात, पण शेतकऱ्याला त्यांनीच बुडवले असे दिसत नाही. सरकारी आयोगाचा हा निवाडा दीडशे वर्षांत फारसा कोणाच्या कानावर गेला नाही. जत्रेत फुगा घेणाऱ्या कुणब्याला उपदेश करणारा मनुष्य व्याजाच्या दराबद्दल बहुधा मौन पाळतो. आणि आपण तरी काय करतो? १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घर दर दिवाळीला फराळाबरोबर कागदावरही खर्च करीत आले आहे. वाचकहो, हा अंक आपण घेतला, त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही!

आता कुस्तीकडे वळतो, कारण क्रीडाखंडाच्या गावाबद्दल लिहायचे आणि लाल मातीवर पाय ठेवायचा नाही हे बरे नव्हे. गावजत्रेचा कुस्त्यांचा फड ज्याने पाहिला असेल त्याला त्याची चढण ठाऊक आहे. हलगी कडाडू लागते आणि प्रथम उतरतात ती आठ-दहा वर्षांची पोरे. त्यांची कुस्ती रेवडीची. जिंकलेल्यालाही रेवड्या, हरलेल्यालाही थोड्या. मग नारळाच्या कुस्त्या, मग दहा-वीस रुपयांच्या, मग शेकड्यांच्या, आणि दिवस कलता कलता शेवटची मानाची कुस्ती. जोड लावणारे पंच वजन-काटा न वापरता नुसत्या नजरेने जोड लावतात आणि बहुधा चुकत नाहीत. जिंकलेला मल्ल फडाभोवती फेरी मारतो. बघे त्याच्या हातावर नोटा ठेवतात. हा सारा पैसा गावच्या पट्टीतून आणि बघ्यांच्या खिशातून येतो. तिकीट नाही, हमी नाही. रेवडीपासून मानाच्या गदेपर्यंतची ही शिडी गावाने स्वतःच्या खर्चाने उभी केली आहे, आणि तिची पहिली पायरी रेवडीची आहे हे विसरता कामा नये.

या जिल्ह्याचा बलोपासनेशी संबंध जुना आहे. समर्थ रामदास १६०८ साली जन्मले ते जांब गावी, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात. त्यांचे प्रसिद्ध अकरा मारुती कृष्णाकाठच्या मुलखात आहेत, जन्मभूमीत नाहीत. तरी मारुतीचे देऊळ आणि त्याच्या शेजारी तालीम हा सांधा मराठी गावाच्या मनात पक्का करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पुढे मराठवाडा निजामाच्या राज्यात गेला. अखेरच्या काळात त्या राज्यात सभा भरवावयाची, खासगी शाळा काढावयाची किंवा आखाडा चालवावयाचा तर सरकारी परवानगी लागे. आखाड्याला परवानगी! नीट पाहिले तर त्या सरकारने खेळाचे सामाजिक मूल्य आपल्यापेक्षा अचूक ओळखले होते. वीस पोरे रोज पहाटे एका मातीत उतरतात, एका वस्तादाचा शब्द मानतात आणि एकमेकांचे बळ आजमावतात, ही घटना साधी नाही हे त्याला कळत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १९६१ साली, ‘महाराष्ट्र केसरी’ची पहिली स्पर्धा झाली ती औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. १९६६ साली ती स्पर्धा जळगावला झाली आणि दीनानाथसिंहांनी गदा घेतली. २०१८ च्या डिसेंबरात ती जालन्यात भरली; तेव्हा बाला रफीक शेख यांनी अभिजित कटके यांना हरवले. जेथे आखाड्याला परवाना लागत असे तेथे गदेची मिरवणूक निघाली.

पण गदा उचलणाऱ्याचा संसार कसा चालतो? पहिलवानाचा खुराक हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. दूध, तूप, बदाम, फळे. आणि हे एक दिवस नव्हे, दहा-दहा वर्षे, रोज. तालमीच्या मातीलाही खुराक लागतो: तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मिसळून ती मऊ ठेवावी लागते. कोरडवाहू रानातल्या बापाने एका मुलाला पहिलवान करावयाचे ठरवले तर घरातल्या बाकीच्यांच्या ताटातले काही ना काही त्याच्या ताटात जाते. जत्रेच्या हंगामातली बक्षिसे त्याची भरपाई करू शकत नाहीत. कोल्हापूरला शाहूमहाराजांनी हे जाणले. १९०२ साली विलायतेला गेले असता त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले, आणि १९१२ साली खासबागचे मैदान पुरे केले. त्यालाच पाठ लावून १९१५ साली नाटकगृह उभे राहिले, पुढे त्याला केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. एका भिंतीच्या अलीकडे कुस्ती, पलीकडे संगीत नाटक! ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा ती त्या नाटकगृहाला आणि मैदानाच्या व्यासपीठाला अशी दोघांनाही लागली. मैदान बांधण्याइतकेच महत्त्वाचे काम महाराजांनी केले ते म्हणजे मल्लांना दरबारी आश्रय दिला, खुराकाची सोय केली. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते कोल्हापूरच्या तालमीत घडलेले. मराठवाड्याने माणूस द्यावा आणि कोल्हापूरने तो घडवावा हा क्रम पुष्कळ वर्षे चालला, कारण माणूस दोन्हीकडे होता आणि खुराकाची व्यवस्था एकीकडेच होती.

आणि कोल्हापूरची तरी व्यवस्था राजाच्या माघारी किती पुरली? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. कऱ्हाडच्या स्टेशनावर शंभरावर बैलगाड्या त्यांना घ्यायला आल्या होत्या. मिरवणूक झाली आणि खाशाबांनी काय केले? कुस्त्या भरवल्या, आणि त्यातून आलेल्या पैशाने प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पुढे ते पोलिसात नोकरीस लागले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००१ साली. या एका चरित्रात खेळाच्या मूल्याची दोन्ही खाती उघडी पडतात. देशाच्या खात्यावर पदक जमा झाले, गावाच्या खात्यावर बैलगाड्यांची मिरवणूक, आणि खेळाडूच्या खात्यावर फेडावयाचे कर्ज.

आज महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि खेड्यातला बाप मुलाला तालमीत धाडताना पोलीस भरतीचा विचार मनात ठेवतो, त्यात मला गैर काही दिसत नाही. तालीम हे गरिबाचे महाविद्यालयच आहे. मात्र भरती होतो तो एक, आणि मातीत उतरतात ते वीस. उरलेल्या एकोणिसांना काय मिळते, याचे उत्तर सरकारी तक्त्यात मिळणार नाही. त्यांना मिळते शरीर, शिस्त, आणि आयुष्यभर ‘पहिलवान’ ही हाक. गावात ही हाक ज्याला मारतात त्याच्यापुढे भांडणे मिटतात. तो मध्ये उभा राहिला तर काठ्या खाली होतात. त्याची किंमत करावयाची झाल्यास पोलीस चौकीचा खर्च किती वाचला तो मांडावा.

तमाशाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तेथला हिशेब अधिक कडू आहे. फडमालक हंगामाआधी उचल घेतो, कलावंतांना आगाऊ देतो, आणि दसऱ्यापासून वैशाखापर्यंत जत्राजत्रांतून नाचगाणे करून ती उचल फेडतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत पुढच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. तमाशावाचून जत्रा उठत नाही, जत्रेवाचून बाजार उठत नाही, आणि ज्यांच्या पायांवर हे सारे उभे आहे त्या बाईच्या वाट्याला उचलीचे व्याज येते. नारळवाल्याला दलाली तरी सुटते!

हा सारा डोलारा कशावर तोललेला आहे ते आपल्याला एकदाच लख्ख दिसले, जेव्हा तो थांबला तेव्हा. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देवळे बंद झाली. त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजी, ती उघडली; पुढच्या वर्षी पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. मधल्या काळात, २७ जुलै २०२१ रोजी, अंगारकी आली. पंचांगात होती तशी आली, चंद्रही वेळेवर उगवला असेल. पण राज्यातल्या सर्वच देवळांप्रमाणे राजूरच्या गणपतीचेही दार भक्तांना बंद होते. पाऊस झालेला, बांधावर हराळी माजलेली, आणि तिला दूर्वा म्हणणारे कोणी नाही! त्या दोन वर्षांत तमाशाचे कलावंत मजुरीला गेले. जत्रांचे फड भरले नाहीत. २०२१ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धाच झाली नाही. ती २०२२ च्या एप्रिलात साताऱ्याला भरली.

दुकानदाराचे दोन वर्षांचे नुकसान आकड्यात सांगता येते, आणि पुढच्या दोन-चार अंगारक्यांत तो ते भरूनही काढतो. गदेची स्पर्धा पुढे ढकलता येते. पण २०२० सालच्या चैत्रात जे पोर आठ-दहा वर्षांचे होते, त्याच्यासाठी गावाने हलगी लावून शिडीची पहिली पायरी मांडलेली होती. पुन्हा जत्रा भरू लागल्या तेव्हा ते बारा वर्षांचे झाले होते, आणि बाराव्या वर्षी पंच कोणाला रेवडीच्या कुस्तीला उभे करीत नाहीत. नारळाच्या जोडीत घालतात.